एक थाप थांबण्याची

अर्धी भिंत पुसून झाली होती आणि अर्धी अजून ठिबकत होती, तेवढ्यात बाहेर काकांनी ती गोष्ट पुन्हा काढली.

काकू शॉवरच्या कोठडीत कमोडच्या झाकणावर एक गुडघा टेकून उभ्या होत्या. कोठडीच म्हणायची ती. ट्रकच्या पाठीवर बसवलेल्या त्या घरात कपड्यांच्या कपाटाएवढी जागा, त्यात कमोड, त्याच्या डोक्यावर नळीचा शॉवर आणि पायाशी पाणी जायची जाळी. आंघोळ झाली की चारी भिंती, छत, झाकण, दाराची रबरी पट्टी, सगळं कोरडं करून ठेवायचं. नाहीतर काळे ठिपके धरतात आणि झोपायच्या गादीपर्यंत कुबट वास जातो. आंघोळीला लागायचा वेळ काही नाही. खरं काम पुसायचं. त्यात डावं मनगट अजून वळत नव्हतं. मग फडकं नळाच्या मानेला गुंडाळायचं आणि उजव्या हाताने पीळ घालायचा, अशी युक्ती काकूंनी शोधली होती.

बाहेर गाडीतळावर शेजारी एक नवी घरगाडी येऊन लागली होती. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको खुर्च्या टाकून बसले होते, आणि काकांना नवे कान मिळाले होते.

"तर मास्तर, ही आत! डोक्याला फेस, अंगाला फेस, आणि मी इकडे मारला स्टार्टर!"

मास्तरांची बायको आतापासूनच हसायला लागली होती. काकू फडकं हातात धरून तशाच थांबल्या. गोष्ट त्यांना पाठ होती. कुठे लोक हसतात, कुठे काका घोट घ्यायला थांबतात, सगळं.

काकूंना जुन्या इमारतीतली पोरं 'ओल्या काकू' म्हणायची. त्या इमारतीत मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच न्हाणीघर होतं, बोळाच्या टोकाला. सकाळी त्याच्यापुढे बादल्यांची रांग लागायची. आपली बादली लावून ठेवायची, पोळ्या लाटता लाटता रांग कुठवर आली ते डोकावून बघायचं, आणि आपली पाळी आली की तव्याखालचा गॅस बंद करून पळायचं. आत जाऊन कडी लावली की बाहेरून दार वाजायचंच. "झालं का हो?" "अहो, कामावर जायचंय माणसाला!" "झोप लागली की काय आत?" दुसऱ्या बायका आतून ठणकावून सांगायच्या, "येते की! आत बिऱ्हाड नाही थाटलं!" काकूंना ते कधी जमलं नाही. स्वभाव भिडस्त. पहिली टकटक झाली की त्यांचा हात तांब्यावरून उठायचा. कानामागे साबण तसाच, कपडे पाठीला चिकटलेले, केसांतून पाणी गळतंय, अशा त्या रोज बोळातून परत यायच्या आणि तशाच देवासमोर बसायच्या. देवाने कधी तक्रार केली नाही. घाई करणारी ती माणसंच.

काका लांब पल्ल्याचे ट्रक ड्रायव्हर. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. दोन दिवस झोपायचे, जेवायचे, मुलीच्या वह्यांवर सह्या करायचे आणि निघायचे. जाताना विचारायचे, "काय आणू तुला?" काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "मला काही नको. एक न्हाणीघर हवंय स्वतःचं. आतून कडी, आणि बाहेर कोणी उभं नाही."

"स्टिअरिंग सुटू दे हातातून. देतो."

माणूस खोटा नव्हता. त्यांनी खरंच दिलं, म्हणून तर दोष कुठे ठेवावा हे काकूंना इतकी वर्षं कळलं नाही.

नोकरी संपली, हातात पैसे आले, आणि एके दिवशी काका इमारतीखाली हॉर्न वाजवत आले. खाली एक जुना ट्रक उभा होता, त्याच्या पाठीवर पांढरी खोली बसवलेली, खोलीला खिडक्या, खिडक्यांना पडदे. "डोळे मीट," म्हणाले आणि काकूंना मागच्या पायरीवरून हाताला धरून वर चढवलं. शेगडी, टेबल, वर चढायचा पलंग, सगळं दाखवून झाल्यावर त्या कोठडीचं दार उघडलं आणि बाजूला झाले. "हे तुझं न्हाणीघर. आता बोल!"

काय बोलणार? माणसाचा चेहरा लग्नात होता तसा फुलला होता. काकू म्हणाल्या, "छान आहे हो."

भाड्याच्या खोल्या सोडल्या. भांडी निम्मी वाटून टाकली. देवांची एक छोटी पेटी केली. शेवटी राहिली ती बादली, निळी, कडेला टवका उडालेली. काकू ती घेऊन ट्रकपाशी आल्या तर काका हसले. "अगं, शॉवर आहे आता! बादली घेऊन कुठे निघालीस?" आणि त्यांनीच ती जिन्याखालच्या भाडेकरणीला देऊन टाकली.

शॉवर होता, पण त्याच्यामागे टाकी होती, आणि टाकीचं पाणी भांड्यांना, चहाला, कमोडला आणि आंघोळीला मिळून तेवढंच. पंपाचं बटण कोठडीच्या बाहेर, शेगडीच्या वर. ते काकांनी स्वतःच्या ताब्यात घेतलं. काकू आत गेल्या की हे बाहेर उभे. आधी नळीतलं गार पाणी यायचं, ते अंगावर घेऊन काकू कुडकुडायच्या, कोमट धार लागते न लागते तोच दारावर टकटक. "बंद करतोय! लाव साबण." मग साबण लावेपर्यंत शांतता, आणि पुन्हा टकटक. "सोडतोय गं, आवर आता!" कधी काकूंच्या डोळ्यांत फेस असतानाच धार तुटायची आणि बाहेरून आवाज यायचा, "टाकी बोलली! पुरे आजच्याला!"

इमारतीत दार वाजवायला पंधरावीस माणसं होती. इथे ते सगळं काम एकट्या काकांनी अंगावर घेतलं होतं.

त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. उभी हयात त्यांनी पेट्रोल पंपावरच्या नळाखाली, चड्डीवर उभं राहून आंघोळी केल्या. जाणारीयेणारी माणसं, बाजूला कुत्री, एक साबण चौघांत. त्यांना चार भिंती आणि कोमट पाणी म्हणजे राजेशाही वाटायची. एकदा काकू म्हणाल्या, "तुम्ही दार वाजवू नका ना. मी सांगते तेव्हा सोडा." काकांना खरंच कळलं नाही. "वाजवलं नाही तर तुला कळणार कसं?"

एक कसब मात्र त्यांनी काकूंना मनापासून शिकवलं. गाडी मागे घेताना काकूंनी मागे उभं राहायचं आणि गाडीच्या अंगावर तळहाताने थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे चला. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाड्यांवर जेवढे क्लीनर आले, त्या सगळ्यांची हीच भाषा. काकू ती पटकन शिकल्या. कुंपणाला, झाडाला, दुसऱ्याच्या गाडीला कधी ओरखडा लागू दिला नाही. काका चारचौघांत सांगायचे, "माझा क्लीनर नंबर एक आहे. पगार मागत नाही आणि विडी ओढत नाही."

मग ती सकाळ आली.

एका मोठ्या बाजाराच्या मागच्या आवारात त्यांनी गाडी लावली होती. तिथे मुक्कामाची परवानगी नव्हती, पण काकांचं म्हणणं, सकाळी माल उतरवायला गाड्या यायच्या आत निघू. सकाळ झाली, काका खाली उतरून टायर बघत होते. काकूंनी खिडकीतून सांगितलं, "मी आंघोळीला जातेय हो." ते "हं" म्हणाले. टाकी आदल्या संध्याकाळीच भरली होती आणि दाराशी कोणी नव्हतं. काकूंनी स्वतःच पंपाचं बटण दाबलं, कोठडीत शिरल्या आणि कडी घातली.

पहिल्यांदा कोणी वाजवलं नाही. काकूंनी केस सोडले. नळी हातात धरून मानेवर, पाठीवर, कानामागे सावकाश पाणी घेतलं. मग शॉवरची चकती फिरवून पाणी थांबवलं, ते स्वतःच्या मनाने, आणि केसांना साबण लावायला घेतला. चांगला भरपूर. ओठांवर देवाचं नाव आपोआप आलं होतं.

बाहेर कोणीतरी ओरडलं. "ए, हे काय धर्मशाळा समजलात? काढा गाडी!" काकांचा काहीतरी आवाज. मग डोक्यावरचा दिवा गेला. काकांची ती सवय होती, निघायच्या आधी गाडीबाहेरच्या पेटीतलं मुख्य बटण बंद करायचं. दिवा गेला, पंप गेला, मागची पायरी खडखडत दुमडली, बाहेरची कडी पडली आणि इंजिन सुरू झालं.

त्या ट्रकमध्ये मागच्या घरातून पुढे जायला वाट नाही. पण शॉवरची भिंत पुढच्या बाजूला, अगदी ड्रायव्हरच्या पाठीशी. काकूंनी त्या भिंतीवर तळहात आपटला. एक थाप. मोठी. आणि थांबल्या, कारण एका थापेनंतर गाडी थांबते.

गाडी वळली. काकू कमोडवर आपटल्या, डाव्या हातावर. पायाखाली साबणाचं पाणी, धरायला काही नाही, नळी धरली तर ती निसटून आली. मग मात्र त्यांनी भिंत बडवली. हाताने, साबणाच्या डबीने, जसं जमेल तसं. आवाज दिला. डोळे उघडता येत नव्हते. गाडी चालतच राहिली, चढ लागला तसं इंजिन घुमायला लागलं, आणि काकू कोठडीच्या फरशीवर बसून राहिल्या, मनगट पोटाशी धरून. फेस अंगावर वाळत गेला.

बऱ्याच वेळाने गाडी थांबली. मागचं दार उघडलं आणि काका आत डोकावले. "अरे देवा! तू आत होतीस? मी साफ विसरलो गं!" डोक्यावर हात मारून घेतला. टाकीतलं सगळं पाणी सोडलं, स्वतः फेस धुतला, दवाखान्यात नेलं, बँडेज बांधून आणलं. दोन दिवस स्वतः चहा केला. काकूंनी मनात म्हटलं, आयुष्यभर एकटा गाडी चालवणारा माणूस, मागे बायको आहे हे लक्षात राहायला वेळ लागायचाच. विसरला तर विसरला. देवाने माणसाला विसर दिलाय तो अशाच गोष्टींसाठी असेल.

मनगट सुजलेलं होतं तेव्हाच काकांनी ती गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. मग दुसऱ्याला. प्रत्येक गाडीतळावर नवीन माणसं, त्यामुळे गोष्ट कधी शिळी व्हायची नाही. मुलीला फोनवर सांगितली तर तीही हसली. "आई, तू पण ना! काहीतरी घालून तरी बसायचंस!" पहिल्या एकदोन वेळा काकूसुद्धा हसल्या होत्या. लोकांसमोर वाईट दिसतं म्हणून.

या गाडीतळावर मुक्काम लांबला, कारण गाडीचा एक स्प्रिंगपट्टा बदलायचा होता. तळाच्या तोंडाशी एक लाँड्री होती. काकू चादरी धुवायला जायच्या, आणि आपल्या झाल्या की हाताला चाळा म्हणून लाँड्रीवालीच्या चादरींच्या घड्या घालून द्यायच्या, एकाच धड हाताने, टेबलाच्या कडेला पोट टेकून. परवा लाँड्रीवाली म्हणाली होती, "मागे एक खोली रिकामी आहे, काकू. माझी बाई सोडून गेली. घड्या घाला, इस्त्रीचा हिशेब बघा, आणि राहा. मोरी आहे आत, स्वतंत्र." काकू म्हणाल्या होत्या, "आमचं घर फिरतं असतं गं बाई." आणि तरी निघताना मोरी बघून आल्या होत्या. अंधारी, एक नळ, आतून लोखंडी कडी.

आता बाहेर गोष्ट रंगात आली होती.

"आणि मागून ही भिंत बडवतेय! धाड धाड, धाड धाड!" काकांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला. "आता मास्तर, आमची भाषा तुम्हाला सांगतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी ऐकतोय, दोन... पुन्हा दोन... पुन्हा दोन! मी म्हटलं, मालकीणबाई आज भलत्याच खुशीत आहेत. चला म्हणतायत! दाबला अॅक्सिलेटर!"

मास्तर खुर्चीत मागे रेलून हसले. त्यांची बायको डोळे पुसायला लागली.

हे वाक्य नवीन होतं. इतक्या वेळा सांगून गोष्टीला काकांनी आज नवी शेपटी जोडली होती.

काकूंच्या हातातलं फडकं ठिबकत होतं. विसरलेल्या माणसाला मागून थाप ऐकू आली, तर तो काय म्हणेल? मागे कोण आहे, म्हणेल. गाडी थांबवून बघेल. थापा मोजायच्या तर मारणारं कोणी आहे हे आधी माहीत हवं.

त्या खाली उतरल्या. फडकं हातातच होतं.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"ये, ये! मास्तर, ही बघा नायिका!"

"थापा ऐकल्या होत्या का?"

"अगं, गोष्टीत थोडं तिखटमीठ घालावं लागतं."

"तिखटमीठ राहू दे. ऐकल्या का?"

मास्तरांच्या बायकोचं हसू ओसरलं. तिने कप खाली ठेवला आणि कपाच्या कानाकडे बघत राहिली. काकांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"ऐकल्या. बहिरा आहे का मी? माझ्या डोक्यामागेच तर तुझी भिंत."

"पहिली एकच होती."

"असेल."

"एक म्हणजे थांबा."

"आता काय त्याचं, एवढे दिवस झाले! तो वॉचमन समोर उभा, दोन हमाल दात काढतायत. त्यांच्यादेखत थांबून सांगू काय, बायको आत आंघोळ करतेय, जरा दम धरा? आजवर कोणाची हिंमत झाली नाही मला गाडी काढ म्हणायची. तुझीच अब्रू राखली समज."

"आवाराच्या बाहेर पडल्यावर?"

"चढ होता. चढावर गाडी थांबवतात का कधी?"

"आणि चढानंतर?"

काकांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "चढानंतर म्हटलं, आता तू चिडली असशील. जरा शांत होऊ दे."

"मग विसरलो का म्हणालात?"

"तुला बरं वाटावं म्हणून गं!" हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की मास्तरांनीसुद्धा मान हलवली, जणू बाईमाणसाला याहून जास्त काय हवं.

काकू आत गेल्या. फडकं शेगडीशेजारी टाकलं. पिशवीत साड्या घातल्या, टॉवेल, साबणाची डबी, जिला एका कोपऱ्यात चीर गेली होती. देवांची पेटी वरून ठेवली. शॉवरची अर्धी भिंत अजून ओली होती. तिच्याकडे त्यांची नजर गेली, हातही गेला सवयीने, पण त्यांनी कोठडीचं दार लावून घेतलं.

"कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"लाँड्रीत."

"आत्ता? पिशवीभर कपडे?"

"राहायला."

काकांना आधी कळलं नाही, आणि कळल्यावर ते मास्तरांकडे वळून हसले. "घ्या! गोष्ट वाढली. संध्याकाळी भूक लागली की बघा कशी येते." कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला. "अगं, उद्या गाडी गॅरेजला न्यायचीय. मागे घेताना मागे कोण उभं राहणार?"

काकू गाडीच्या कडेने चालल्या होत्या. थांबल्या. उजवा हात मोकळा होता. त्यांनी पांढऱ्या पत्र्यावर तळहात मारला, सावकाश, मोजून. दोन थापा.

लाँड्रीवालीने खोलीची किल्ली दिली, आणि किल्लीबरोबर अटीही. सकाळी मशीनं चालू असतात तेव्हा मोरीतल्या नळाला धार नसते, आंघोळ दुपारी. म्हणजे देवालाही दुपारपर्यंत थांबावं लागणार. खोलीला खिडकी एकच, ती वाफेच्या बाजूला. "हात बरा आहे ना आता? ओल्या चादरी जड असतात," तिने विचारलं. काकूंनी डावा हात पदराखाली घेतला आणि बरा आहे म्हणाल्या.

पिशवी खोलीत ठेवून त्या मोरीत गेल्या. कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. मशीनं थांबली होती, नळ सोडला तर चांगली जाड धार आली, जमिनीवर आपटून पायांवर उडाली. भरून घ्यायला मात्र काही नव्हतं. तांब्याही ट्रकमध्येच राहिला होता आणि तो आणायला परत जायचं नव्हतं.

काकूंनी नळ बंद केला. दुकानं मिटायच्या आत त्यांना एक बादली आणि एक मग विकत आणायचा होता.